बटाट्याचे पोते आणि राष्ट्राध्यक्षांची मोटार

श्रोतेहो, १९३६ च्या सुमाराची गोष्ट आहे. पॅरिसमधल्या एका मोटार कारखान्याचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थांनी आपल्या इंजिनिअर मंडळींना एक काम नेमून दिले. अशी गाडी करायची, की जिच्यात लाकडी जोडे घातलेले दोन शेतकरी बसतील आणि वर पन्नास किलो बटाट्यांचे पोते मावेल. ताशी साठ किलोमीटरने ती धावली म्हणजे पुष्कळ झाले. शंभर किलोमीटरला तीन लिटरच्या वर पेट्रोल तिने खाऊ नये. आणि शेवटची अट मोठी मौजेची होती. नांगरलेल्या रानातून गाडी नेली, तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत!

आता ढेकळांतून गाडी हाकणे म्हणजे काय, हे तुम्हा शेतकरी मंडळींना मी काय सांगावे? रिकाम्या बैलगाडीत बसलो तरी हाडे खिळखिळी होतात. त्या काळच्या मोटारी तर डांबरी सडकेवर चालणाऱ्या, साहेबी थाटाच्या. त्या मोटारीला आठवडी बाजाराला नेऊन बसवायचे, असा हा बेत होता. या कारखान्याचे नाव सित्रोएन, आणि बेत आखणाऱ्या गृहस्थांचे नाव प्येर बुलांजे.

याच कारखान्याने पुढे वीस वर्षांच्या आत अशी एक मोटार काढली, की जिच्यात बसून फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष हिंडले. मधल्या काळात एक मालवाहू गाडी काढली, जिच्यातून खाटीक, पाववाले आणि भाजीवाले गावोगाव फिरले. एकाच घरची ही भावंडे. त्यांची तुलना मी आज करणार आहे, पण ती विक्रेता करतो तशी नव्हे. कोणती गाडी कोणासाठी केली गेली आणि त्यापायी कारखान्याचे काय झाले, हे मला पाहायचे आहे.

आधी मूळ पुरुषाबद्दल थोडे. आंद्रे सित्रोएन यांचा जन्म १८७८ सालचा, पॅरिसचा. पोलंडमध्ये त्यांना इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे दात असलेली चक्रे पाहायला मिळाली. त्यांचे हक्क घेऊन त्यांनी धंदा उभारला. कारखान्याच्या गाड्यांवर अजूनही दोन उलट्या व्ही एकावर एक ठेवल्यासारखे चिन्ह दिसते, ते या दातांवरून आलेले. पहिल्या महायुद्धात सीन नदीकाठी झावेल धक्क्यावर त्यांनी तोफगोळ्यांचा प्रचंड कारखाना काढला. युद्ध संपल्यावर गोळ्यांचे करायचे काय? १९१९ पासून त्याच जागी मोटारी होऊ लागल्या. हा माणूस धाडसी खरा, पण हातचे राखून चालणे त्याला ठाऊक नव्हते. १९२५ ते १९३४ आयफेल टॉवरवर त्यांचे नाव अडीच लाख दिव्यांनी झळकत होते. एवढे सांगितले, की त्यांच्या स्वभावाचा अंदाज यावा.

१९३४ साली त्यांनी आपला सगळा पैसा एका नव्या गाडीवर लावला. तिला फ्रेंच लोक ‘त्राक्स्याँ आव्हाँ’ म्हणत, म्हणजे ‘पुढून ओढणारी’. हे नाव नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. त्या वेळच्या बहुतेक मोटारींत इंजिन पुढे असे, पण ताकद जाई मागच्या चाकांना. त्यासाठी गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा मागे न्यावा लागे. आपण बैल गाडीच्या पुढे जुंपतो, मागे उभे करून ढकलायला लावत नाही. तसेच या गाडीत पुढचीच चाके ओढू लागली. पोटाखालचा दांडा गेला, गाडी बुटकी झाली, सडकेला चिकटून धावू लागली. गाडी उत्तमच होती. पण घाईने बाजारात आली, दुरुस्त्यांचा खर्च वाढत गेला, आणि १९३४ च्या डिसेंबरात कारखान्याचे दिवाळे वाजले. टायरवाले मिशलँ हे सर्वांत मोठे सावकार, त्यांनी तो ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी, जुलै १९३५ मध्ये, आंद्रे सित्रोएन कर्करोगाने वारले. ज्या गाडीने त्यांना बुडवले, ती पुढे १९५७ पर्यंत तयार होत राहिली, हे पाहायला ते नव्हते.

मिशलँचे गाव क्लेरमाँ-फेराँ, डोंगराळ ओव्हेर्न्य प्रांतात. तिथले शेतकरी बाजाराला येत ते घोडागाडीने, नाहीतर हातगाडी ओढत. बुलांजे मिशलँचाच माणूस. त्यांनी हे दृश्य पाहिलेले होते. १९३१ च्या खानेसुमारीत फ्रान्समध्ये शहरवासी लोक पहिल्यांदाच खेडुतांहून जास्त भरले होते, पण थोडक्याच फरकाने. निम्मा देश अजून खेड्यांतच होता, आणि त्या निम्म्या देशाला परवडेल अशी गाडी कोणी करत नव्हते. बुलांजेंनी आधी माणसे पाठवून लोकांना काय हवे ते विचारून घेतले आणि मगच इंजिनिअरांना कामाला लावले. वर्गात हे सांगितले, की मुले हसतात. गिऱ्हाइकाला विचारण्यात विशेष ते काय, असे त्यांना वाटते. पण त्या काळच्या मोटारवाल्यांचे गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर, वकील, कारखानदार. बटाटेवाल्याला विचारणे ही नवलाचीच गोष्ट होती.

काम सोपवले आंद्रे लफेव्र यांच्याकडे. हे पूर्वी विमानांच्या क्षेत्रातले, त्यामुळे वजनाचा तोळा-तोळा मोजणारे. गाडीचे रूप घडवले फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराने. ही दोन नावे लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहेत. १९३९ पर्यंत गाडीचे पहिले नमुने तयार झाले. काय ते रूप! कायद्याला एक दिवा पुरत असे, म्हणून पुढे एकच दिवा. इंजिन सुरू करायचे ते हँडल मारून. टप कापडाचा. ऑक्टोबरच्या मोटार प्रदर्शनात गाडी दाखवायची असे ठरले होते. पण ३ सप्टेंबर १९३९ ला फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, आणि प्रदर्शन काही भरले नाही.

जून १९४० मध्ये जर्मन पॅरिसमध्ये शिरले. ही गाडी त्यांच्या हाती पडू नये म्हणून नमुन्यांपैकी बहुतेक मोडून टाकण्यात आले, काही दडवले गेले. कारखान्याला जर्मन सैन्यासाठी ट्रक करणे भाग पडले. तेव्हाची एक गोष्ट सांगतात. इंजिनातले तेल किती आहे ते पाहायची जी पट्टी असते ना, तिच्यावरची खूण बुलांजेंनी मुद्दाम खाली सरकवून घेतली. पट्टी सांगे तेल भरपूर आहे, प्रत्यक्षात असे कमी, आणि ट्रक भलत्या वेळी अडकून बसत. गोष्ट कितपत रंगवलेली आहे कोण जाणे, पण त्या कारखान्यात ती अभिमानाने सांगितली जाते.

युद्धानंतर गाडी जवळजवळ नव्याने केली. पाण्याने थंड होणारे इंजिन काढून वाऱ्याने थंड होणारे, दोन सिलिंडरचे, ३७५ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवले. त्याची ताकद नऊ अश्वशक्ती. तरी गाडीचे नाव मात्र ‘द श्व्हो’, म्हणजे ‘दोन घोडे’! हे घोडे करआकारणीच्या कागदावरचे, खरे नव्हेत. ७ ऑक्टोबर १९४८ ला पॅरिसच्या प्रदर्शनात गाडीवरचा पडदा सरकला, आणि वर्तमानपत्रवाले हसत सुटले. डबा फोडायची किल्ली गाडीबरोबर मिळते का, असे एका अमेरिकन बातमीदाराने विचारले म्हणतात.

त्यांना हसू द्या. आपण गाडीच्या आत डोकावू. बाके म्हणजे नळ्यांच्या चौकटी आणि रबरी पट्ट्यांवर ताणलेले कापड. ती उचलून बाहेर काढता येत. शेतावर जेवायला बसायचे झाले तर बाके बाहेर, आणि बाजाराला जायचे झाले तर त्यांच्या जागी पोती. टप गुंडाळला की उंच ओझेही उभे राही. पावसाचे पाणी पुसणारा वायपर वेगाच्या काट्याला जोडलेल्या तारेवर चाले. गाडी पळाली तर वायपर पळणार, गाडी रेंगाळली तर तोही रेंगाळणार. टाकीत पेट्रोल किती आहे ते पाहायला काटा नाही. दांडी बुडवून पाहायची. यातले एकही कलम अडाणीपणाचे नव्हते. जे मोडेल आणि दुरुस्तीला शहरात न्यावे लागेल, ते ठेवायचेच नाही, असा तो हिशेब होता.

मात्र जिथे खर्च करायला हवा होता, तिथे तो केला होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, आडव्या नळकांड्यात स्प्रिंगा ठेवल्या होत्या. पुढचे चाक उंचवट्यावर चढले, की त्याचा दणका त्याच बाजूच्या मागच्या चाकाशी वाटला जाई. त्यामुळे गाडी होडीसारखी डोले, पण आदळत नसे. वळणावर तर ती इतकी कलायची, की नवखा माणूस देवाचे नाव घेई. पण टोपलीतली अंडी शाबूत राहत.

१९४९ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि हसणारे गप्प झाले. मागणी एवढी, की नंबर लागायला वर्षानुवर्षे जात. काही काळ तर वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग मिळे, कारण ती लगेच हातात पडे. मग गाडी आधी द्यायची कोणाला? कंपनीने ठरवले, की ज्याला पोटापाण्याच्या कामाला गाडी हवी, त्याला आधी. खेड्यातला डॉक्टर, गुरांचा डॉक्टर, सुईण, दोन-तीन गावांची चर्च सांभाळणारा पाद्री आणि लहान शेतकरी यांचे नंबर पुढे गेले. पैसे रोख मोजणारा शहरी हौशी माणूस रांगेत मागे उभा राहिला. श्रोतेहो, खाजगी कारखान्याने केलेली ही निवड आहे, हे विसरू नका. त्यात धंद्याचा हिशेब असेलही. तरी पण रात्री-अपरात्री अडलेल्या बाईकडे निघालेल्या सुईणीला गाडी लवकर मिळाली, हे काही कमी नव्हे.

१९५१ मध्ये याच गाडीच्या मागे पन्हळी पत्र्याची पेटी जोडून एक छोटी मालगाडी काढली. तिच्यात अडीचशे किलो माल बसे. फ्रान्सच्या टपालखात्याने ती उचलली आणि आडबाजूच्या वाड्यावस्त्यांवर पत्रे तिच्यातून जाऊ लागली.

पण मालवाहू गाड्यांत खरी थोर गाडी निराळी, आणि इतिहास लिहिणारे तिच्याकडे फारसे पाहत नाहीत म्हणून तिच्याबद्दल मी जरा सावकाश बोलणार आहे. तिचे नाव नुसते ‘एच’. फ्रेंचमध्ये ‘आश’. १९४७ मध्ये ती लोकांपुढे आली. तुम्ही ट्रक भरताना पाहिला असेल. हौदा छातीएवढा उंच. एक हमाल वर, एक खाली. पोते आधी खांद्यावर, मग फाळक्यावर, मग आत. मालापेक्षा उंचीच माणसाला जास्त दमवते. ती उंची येते पोटाखालच्या त्या लोखंडी दांड्यामुळे आणि मागच्या आसामुळे. एच गाडीत मागे ताकद न्यायचीच नव्हती. इंजिन त्राक्स्याँचेच, आणि ओढणारी चाके पुढची. मग मागचा सगळा भाग सपाट आणि बुटका ठेवता आला. तळाची फळी जमिनीपासून फूट-सव्वाफुटावर, आणि आत सहा फुटी माणूस ताठ उभा राहील एवढी उंची. बाजूला सरकते दार, मागे वर उघडणारी झडप आणि खाली दोन अर्ध्या दारांची जोडी. साधारण बाराशे किलो माल ती नेई.

अंगावर सगळ्या पन्हळी. आपल्याकडे घरावर पन्हळी पत्रे घालतात ना, तसेच. पातळ पत्र्याला पन्हळ पाडली, की तो वाकत नाही. जाड पत्र्याचा खर्च आणि वजन दोन्ही वाचते. युक्ती जर्मनीच्या युंकर्स विमानांची, वापर पाववाल्याच्या गाडीला! दिसायला ही गाडी डुकराच्या नाकाची, असे खुद्द फ्रेंच लोकच म्हणत. तरीही खाटकाने तिच्यात दुकान मांडले, झडप उघडली की तिचेच छप्पर झाले. पोलिसांनी कैदी नेले, रुग्णवाहिका झाल्या, गुरे-घोडे नेणाऱ्या गाड्या झाल्या. ज्या खेड्यात दुकान नव्हते, तिथे ठरल्या दिवशी दुकानच चालत येऊ लागले. १९८१ पर्यंत ४,७३,२८९ गाड्या तयार झाल्या, आणि एवढ्या वर्षांत तिचे रूप जवळजवळ बदलले नाही.

आता वरच्या मजल्यावर जाऊ. ऑक्टोबर १९५५. पॅरिसचे तेच मोटार प्रदर्शन. या वेळी पडदा सरकला तो ‘डीएस’ नावाच्या गाडीवरून. फ्रेंच उच्चारात ही दोन अक्षरे ‘देएस’ होतात, आणि त्याचा अर्थ देवी. पहिल्या पाव तासात ७४३ आणि दिवस मावळायच्या आत १२,००० लोकांनी नावे नोंदवली. या गाडीला पोलादी स्प्रिंगाच नव्हत्या. प्रत्येक चाकापाशी एक धातूचा गोळा. त्यात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूला दाबाखालचे तेल. वायू चेपला की उसळतो, तीच स्प्रिंग. पाच माणसे बसली काय किंवा एक बसला काय, गाडी आपली उंची आपणच सावरून घेई. तेच तेल ब्रेक लावी, गिअर बदली, चक्र वळवायला हात देई. ही करामत पॉल माझेस यांची. कोवळ्या वयात कारखान्यात लागलेला हा मनुष्य पदवीधर इंजिनिअर नव्हता. शिक्षक बंधूंनी हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे, मात्र ऐन परीक्षेच्या तोंडावर सांगू नये!

२२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या डीएसवर मारेकऱ्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. टायर फुटले, काच फुटली, तरी सारथ्याने गाडी वेगाने तशीच पुढे काढली आणि द गोल पतिपत्नी सुखरूप निसटली.

दोन गाड्या शेजारी उभ्या करा. एक अर्ध्या टनाची, दुसरी सव्वा टनाची. एकीचे इंजिन ३७५ घनसेंटिमीटर, दुसरीचे १९११. एक कशीबशी ताशी पासष्ट किलोमीटर धावणारी, दुसरी त्याच्या दुपटीहून अधिक. एकीत पेट्रोल पाहायला दांडी बुडवायची, दुसरीत तेलाच्या नळ्यांचे जाळे. पाहणाऱ्याला वाटावे, यांचा एकमेकींशी काय संबंध? पण बारकाईने पाहा. दोन्ही पुढून ओढणाऱ्या. दोन्हींचा सगळा जीव एकाच गोष्टीत गुंतलेला, की रस्ता कसाही असो, आतल्याला दणका बसू नये. ज्या लफेव्रनी शेतकऱ्याची गाडी आखली, त्यांनीच डीएस आखली. ज्या बेर्तोनींनी ‘डब्यां’चे रूप घडवले, त्यांनीच ‘देवी’चे. शेतकऱ्याच्या गाडीसाठी कारागिरी राखून ठेवली नाही, आणि राष्ट्राध्यक्षाच्या गाडीला नुसता मुलामा दिला नाही. या कारखान्याबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी.

फरक दिसतो तो बिघाडात. डीएसच्या पहिल्या गाड्यांतून तेल गळू लागले, आणि गावोगावच्या मिस्त्रींना ती नळ्यांची भानगड उमगेना. दोन घोड्यांची गाडी बिघडली, तर गावचा लोहारही काहीतरी करू शके.

या घराण्याची मोठी चूक मात्र गाड्यांत नव्हती, गाड्यांच्या मधल्या जागेत होती. तळाला शेतकऱ्याची गाडी, माथ्याला देवी, आणि मधे काही नाही! युद्धानंतर फ्रान्समध्ये पगारदार मध्यमवर्ग झपाट्याने वाढत होता. मास्तर, कारकून, फोरमन यांना डब्यापेक्षा बरी आणि देवीपेक्षा स्वस्त गाडी हवी होती. ते दुसऱ्या कारखान्यांकडे गेले. १९६१ मध्ये सित्रोएनने ‘आमी’ नावाची गाडी काढली, पण ती दोन घोड्यांच्याच सांगाड्यावरची. त्याच साली रेनॉने आपली ‘चार’ नंबरची गाडी आणली. तीही पुढून ओढणारी, तीही खेड्यात चालणारी, पण मागे मोठे दार आणि जरा जास्त सुखसोयी असलेली. शिष्याने गुरूची विद्या गुरूवर चालवली, असे म्हणायला हरकत नाही. खरी मधली गाडी, ‘जीएस’, १९७० मध्ये आली. तोवर नव्या प्रयोगांवर आणि माझेराती या शर्यतीच्या गाड्यांच्या इटालियन कंपनीवर पैसा ओतून झाला होता. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि १९७४ मध्ये कारखाना पुन्हा एकदा बुडण्याच्या बेतात आला. चाळीस वर्षांपूर्वी मिशलँ धावून आले होते, या वेळी प्यूजो आले. १९७६ मध्ये दोन्ही कारखाने एका मालकीखाली गेले. याच प्यूजोची एक गाडी १९९० नंतरच्या दशकात काही वर्षे आपल्या कल्याणच्या कारखान्यात तयार होत असे. जुन्या ठाणेकरांना ती आठवत असेल. खुद्द सित्रोएनच्या गाड्या भारतात विकायला आल्या त्या २०२१ मध्ये, आणि त्यांचा कारखाना तामिळनाडूत आहे.

बुलांजे यांना डीएस पाहायला मिळाली नाही. १९५० च्या नोव्हेंबरात ते एका त्राक्स्याँमधून जात असताना अपघातात गेले. देवीचे उत्पादन १९७५ मध्ये थांबले. शेतकऱ्याची गाडी सगळ्यांना पुरून उरली. शेवटची गाडी २७ जुलै १९९० ला पोर्तुगालमधल्या मांग्वाल्द येथील कारखान्यातून बाहेर पडली. तोवर प्रवासी गाड्याच ३८ लाखांहून अधिक झाल्या होत्या, आणि मालगाड्या धरल्या तर आकडा ५० लाखांपलीकडे जातो.

आणि युद्धाच्या वेळी दडवलेल्या नमुन्यांचे काय झाले? पॅरिसच्या पश्चिमेला ला फेर्ते-व्हिदाम नावाचे गाव आहे. कंपनी आपल्या गाड्यांची गुपचूप चाचणी तिथे घेत असे. १९९० नंतरच्या दशकात तिथल्या एका जुन्या कोठाराच्या माळ्यावर १९३९ चे तीन नमुने सापडले. वर कसे चढवले असतील कोण जाणे, पण खाली उतरवायला कोठाराची मोडतोड करावी लागली. कंपनीने ते घासूनपुसून नवे केले नाहीत. गंजलेल्या पत्र्यानिशी आणि विटक्या कापडानिशी, माळ्यावर सापडले तसेच ते ठेवले आहेत.